सोलांजमावशीची गादी

१

सोलांजमावशी शिव्या देत नाही. ती गुरांची डॉक्टर आहे. गाईनं लाथ झाडली तरी "अगं, अगं" एवढंच म्हणते. त्यामुळे त्या रविवारी सकाळी गाडीचं दार उघडून तिनं जी शिवी हासडली, ती ऐकून आमचं आख्खं गॅरेज जागच्या जागी थिजलं.

"माझी गादी कुठाय?"

मी धावत जाऊन तिच्या काखेखालून आत डोकावले. सीट होती, गादी नव्हती.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकच गाडी तिघंजण आळीपाळीनं चालवतात, आणि सीट तर तसूभरही हलत नाही. म्हणून ज्याची त्याची गादी वेगळी. पिशवीत फेस ओतायचा, त्यावर बसून राहायचं, आणि तो आपल्या पाठीच्या आकाराचा होऊन दगडासारखा घट्ट झाला की झाली गादी. आमच्या तीन चालकांतला इल्मारी उंच, योरित तर ताडमाड. मावशी माझ्या खांद्याला लागते. गादी नसेल तर तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. उशा कोंबून काम भागत नाही, तपासनीस गाडी सोडतच नाहीत. आणि नवी गादी घट्ट होईपर्यंत शर्यत संपून लोक बटाट्याचे फ्रित खात घरी गेलेले असणार.

"शोधा!" योरित ओरडला. "बघताय काय नुसतं?"

योरितचा आरडाओरडा चूक नव्हता. मोसमातली ही शेवटची शर्यत, तीही आमच्या घरच्या फ्रँकोरशाँ सर्किटवर, आणि आमच्या गाड्यांच्या वर्गात गुणांमध्ये आम्ही पहिले. आमच्या वर्गाचा नियम असा की तिघांतला एक हौशी हवा, सुरुवात त्यानंच करायची आणि ठरलेला वेळ चालवायचं. आमच्यात हौशी म्हणजे मावशी. हौशी बसला नाही तर गाडी निकालातून बाद. जो संघ मोसम जिंकेल त्याला पुढच्या जूनमध्ये ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीचं आमंत्रण. मावशीनं त्या आमंत्रणासाठी किती वर्षं वाट बघितली, ते आमच्या घरात कुणी मोजत नाही. मोजलं तर तिला रडू येतं.

आम्ही टेबलांखाली बघितलं, ट्रकमध्ये बघितलं. गादी म्हणजे काही किल्ली नव्हे, कोपऱ्यात पडून राहायला.

"अधिकाऱ्यांना बोलावू या," इल्मारी म्हणाला. तो दिवसातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक.

"नको," आई पटकन म्हणाली. एडविज कोलिने, म्हणजे माझी आई, या संघाची मालकीण आहे. पूर्वी ती आणि मावशी याच सर्किटवर जोडीनं एकच गाडी चालवायच्या; मी पोटात आले तेव्हा आई थांबली, मावशी थांबली नाही. "बोभाटा नको. आधी आपण आपलं बघू."

"आपलंच बघू या मग," योरित म्हणाला आणि हळूच देसिरेकडे वळला. "सगळे बाहेर होते तेव्हा गॅरेजमध्ये एकटा कोण होता?"

२

देसिरे आमचा मुख्य मेकॅनिक. मी याच गॅरेजमध्ये रांगायचे तेव्हापासूनचा. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, बाकी काही बदललेलं नाही.

"मी कॉफी आणायला गेलो होतो," तो म्हणाला.

"पाहिलं कुणी?"

"रांगेत शंभर लोक होते. कुणी पाहिलं असेल तर त्यांना विचार."

सकाळी पिट, म्हणजे गॅरेजांपुढची गल्ली, लोकांसाठी उघडतात. झुंबड उडते. आमचे तिन्ही चालक बाहेर टेबलाशी बसून सह्या करत होते, मी त्यांच्या शेजारी पोस्टर वाटत होते. त्यातला एकही जण एकदाही उठला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण योरितसमोर घुटमळणाऱ्या पोरींना पुढे ढकलायचं काम माझंच होतं. गाडीचं पुढचं झाकण उघडं होतं म्हणून तिच्यापुढे पडदे लावले होते. आत कोण काय करतंय, ते बाहेरून दिसत नव्हतं. आणि मागचं दार सताड उघडं.

"देसिरे," मावशी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "हेन्रिके पोलनं तुला पुढच्या मोसमासाठी विचारलंय, खरं ना?"

हेन्रिके पोल म्हणजे आमच्या शेजारच्या गॅरेजची मालकीण, आणि आम्ही बाद झालो तर मोसम तिचाच.

"विचारलं," देसिरे म्हणाला. "मी नाही म्हणालो."

"आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"नाही म्हटल्यावर सांगायचं काय?"

"बाहेर जा," मावशी म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचं नाहीये."

"सोलांज, देसिरेनं नाही केलं," आई मध्येच म्हणाली.

"तुला काय माहीत?"

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरं कुणी असं अडखळलं असतं तर माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली असती. पण आई म्हणजे आई. मी देसिरेच्या मागे धावले.

तो ट्रकमागे उलट्या बादलीवर बसला होता. हात नुसते मांडीवर ठेवलेले. त्या हातांत काही ना काही नाही असं मी कधी बघितलंच नव्हतं.

"काका, तू नाही केलंस ना?"

"तूही विचार, विचार. रांगेत उभी राहा."

"मला माहितीये तू नाही केलंस. पण नुसतं मला माहीत असून चालणार नाही. सिद्ध करायला हवं."

"शाळेत शिकवतात वाटतं हे?"

"शाळेत काहीच शिकवत नाहीत. काका, आज सकाळी तू सीटचे पट्टे कसे ठेवले होतेस?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "का?"

"कारण मी आत डोकावले तेव्हा पट्टे पार टोकापर्यंत सैल केलेले होते. आणि खांद्यांवरचे दोन्ही पट्टे सीटच्या पाठीवरून मागे टाकलेले."

देसिरे बादलीवरून उठला.

"मागे? ओरियान, मी पट्टे मावशीच्या मापाला लावून बाजूच्या रबरी हुकांना अडकवले होते. मागे टाकले की ते मागच्या सळईत गुंततात, म्हणून तर हूक बसवले आपण. आता कुणीच पट्टे मागे टाकत नाही."

"म्हणजे चोरानं टाकले."

"गादी उचलायला पट्टे सोडले की झालं. सैल करत बसायची गरजच काय?"

पट्टे सैल कोण करतं, ते या पॅडॉकमधल्या, गॅरेजांमागच्या आवारातल्या, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चालक करतो. गाडी पिटमध्ये थांबते, तेव्हा उतरणारा आधी सगळे पट्टे ओढून लांब करतो, म्हणजे पुढच्याला झटकन आत शिरता येतं. हिवाळाभर तेच घोकून घेतात, शेवटी ते डोक्यातून जातं आणि हातात जाऊन बसतं.

म्हणजे चोर गाडीत बसला होता, आणि चोर चालक होता. पण आमचे तिन्ही चालक तर माझ्या डोळ्यांसमोर सह्या करत होते!

३

"पट्टे मागे टाकतात?" योरित हसला. "कुठल्या जमान्यात? आजोबांच्या?"

मी त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. तो केळं खात होता. हा माणूस कुठल्याही संकटात केळं खाऊ शकतो.

"म्हणजे तू नाही टाकत."

"ए शेरलॉ... ए पोलिसीण, मी तुझ्या नाकासमोर होतो. आणि मी स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ? ल मानला मलाही जायचंय."

"मग देसिरेकाकावर का घसरलास?"

तो हळू आवाजात म्हणाला, "कारण शुक्रवारपासून या गॅरेजमध्ये काहीतरी शिजतंय. ती धडक आठवते ना?"

आठवत होती. आमच्या शर्यतीत तीन वर्गांच्या गाड्या एकाच रस्त्यावर एकाच वेळी धावतात. सगळ्यात वेगवान त्या चपट्या; आम्ही त्यांना बाण म्हणतो. त्या मागून येतात, आपल्याला निळा झेंडा दिसतो आणि आपण त्यांना जागा द्यायची. शुक्रवारी सरावात ब्लाँशिमाँच्या वळणावर एक बाण डावीकडून आला आणि मावशीनं जागा दिलीच नाही. आरसा उडाला, नशिबानं तेवढाच. मावशी म्हणाली आरशावर थेंब होते. आईनं आरसा परत लावायला सांगितला आणि बाकी काही बोलली नाही.

"त्या रात्री दोघी बहिणी ट्रकमध्ये भांडत होत्या," योरित म्हणाला. "फ्रेंच मला फारसं कळत नाही, पण दार आपटलेलं कळतं."

"शर्यतीच्या आठवड्यात त्या नेहमीच भांडतात."

"असेल." त्यानं साल टाकलं. "पण पट्टे मागे टाकणारा चालक हवा असेल तर म्हातारा शोध. किंवा म्हातारी. आपल्या शेजारी एक राहते, बरं का. तिच्या गॅरेजच्या भिंतीवर तिचे चषक लावलेत, तुझ्या जन्माच्या आधीचे."

माझ्या अंगात वीज शिरली. हेन्रिके पोल! पूर्वीची चालक, आमची वैरीण, आणि मागच्या दारापासून चार पावलांवर!

खरं तर इथे एखाद्या शहाण्या मुलीनं आईला बोलावलं असतं. मी सरळ शेजारच्या गॅरेजमध्ये घुसले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले,

"आमची गादी परत द्या!"

४

पोल संघाच्या गॅरेजमध्ये फरशी आरशासारखी. त्या फरशीवर सात-आठ जर्मन मेकॅनिक आणि मधोमध हेन्रिके पोल, पांढरे आखूड केस, हातात सूपचा वाडगा. तिनं चमचा खाली ठेवला.

"काय गं, कोलिनेची पोर ना तू? बस. सूप घेतेस?"

"सूप नको! तुम्ही आमच्या गाडीत बसला होतात. उतरताना पट्टे सैल करून मागे टाकलेत. तसं जुने चालकच करतात."

मेकॅनिक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं ती आता मला बाहेर काढणार. पण ती वाडगा घेऊन माझ्या शेजारच्या टायरवर येऊन बसली.

"गादी गेली सोलांजची? खरंच?" तिच्या आवाजात आनंद नव्हता, आणि मला त्याचाच राग आला. "हे बघ पोरी, तुझा विचार चांगला आहे. अर्धाच केलास, एवढंच."

"म्हणजे?"

"माझे चषक वाच. वाच, वाच, लाजू नकोस."

मी वाचले. सगळ्या छोट्या शर्यती. अर्ध्या-पाऊण तासाच्या, एक गाडी, एक चालक.

"मी आयुष्यात कधी कुणाला गाडी दिली नाही," हेन्रिके म्हणाली. "शर्यत संपली की बकल दाबायचं, उतरायचं, आणि हरले असेन तर हेल्मेट फेकायचं. पट्टे कुणासाठी सैल करू? माझ्यानंतर त्या सीटवर कुणी बसतच नव्हतं." तिनं एक घोट घेतला. "तुझा चोर जुना चालक आहे, हे बरोबर. पण त्याला आपल्या मागून कुणी बसणार आहे याची सवय आहे. त्यानं जोडीनं गाडी चालवलीय."

हेन्रिके माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला माझ्या आधीच कळलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"सूप घे खरंच," ती हळूच म्हणाली. "तिकडे जायच्या आधी."

मी घेतलं नाही. पॅडॉकमध्ये आज जुन्या काळी या सर्किटवर जोडीनं गाडी चालवलेली, आमच्या मागच्या दारानं कुणी न हटकता आत जाऊ शकणारी, मावशीच्याच गादीत फिट्ट बसेल एवढी बुटकी बाई एकच होती.

५

आई पिटच्या भिंतीशी एकटी उभी होती. ट्रॅक रिकामा. समोरच्या जंगलावर ढग उतरत होते.

"आई, तू गाडीत बसली होतीस?"

ती खोटं बोलेल असं मला वाटलं. बोलायला हवं होतं तिनं. ती नुसती माझ्याकडे वळली.

"कशावरून?"

"पट्टे. तू सगळे ओढून सैल केलेस आणि मागे टाकलेस. मावशी बसणार असल्यासारखे."

आईनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"मला आठवतसुद्धा नाही," ती म्हणाली. "गादी काढायला गेले, आणि म्हटलं क्षणभर बसावं. इतक्या वर्षांनी. तिची गादी मला अगदी बरोबर बसली, ओरियान. आणि मग पडद्याबाहेर कुणीतरी हसलं, मी घाबरून उतरले."

"का केलंस?" माझा आवाज चिरकला. "ती ल मानला जाणार म्हणून? तू माझ्यामुळे थांबलीस आणि ती जाणार, म्हणून? तू जळतेस तिच्यावर?"

मी हे बोलले. बोलल्यावर आईचा चेहरा बघून वाटलं, शब्द परत गिळता आले तर बरं होईल.

"शुक्रवारी तीही हेच म्हणाली," आई म्हणाली. "अगदी याच शब्दांत."

मग तिनं सांगितलं. तो बाण मावशीच्या शेजारी येऊन ठेपला तरी मावशीची मान हलली नव्हती. आई गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघत होती. त्यानंतर ती मावशीवरच नजर ठेवून राहिली. डावीकडे ठेवलेला कॉफीचा कप मावशीनं सांडला. डाव्या खांद्यानं दाराची चौकट घासली. नाश्त्याला तिच्या डावीकडे बसलेल्या इल्मारीला ती म्हणाली, "अरे, तू कधी आलास?"

"तिला डाव्या कडेचं दिसत नाहीये. थोडं थोडं करत गेलंय, तिला कळलं नसेल. किंवा कळलंय."

"मग थांबव ना तिला! मालकीण आहेस तू!"

"थांबवलं तर कारण द्यावं लागतं. अधिकाऱ्यांच्या डॉक्टरांनी कारण ऐकलं की परवाना कायमचा जातो. मी तिला हात जोडले, म्हटलं स्वतःहून नको बसूस. म्हणाली, तू जळतेस." आईनं ढगांकडे बघितलं. "पाऊस आला की पन्नास गाड्या धुक्यासारख्या पाण्यात आणि बाण डावीकडून. मला दुसरं सुचलं नाही. गादी हरवली तर एक मोसम जातो. मग हिवाळ्यात गोड बोलून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं."

"आणि देसिरेकाका?"

आईनं ट्रककडे बघितलं.

"तो ट्रकमागे बादलीवर बसलाय, आई. हात मांडीवर ठेवून."

तिनं डोळे मिटले. मग माझा दंड धरून म्हणाली, "चल. तू बरोबर राहा, नाहीतर मी दारातून परत फिरेन."

६

गादी पावसाच्या टायरांच्या चळतीत होती, मधल्या पोकळीत उभी खोचलेली. आईनं ती सगळ्यांसमोर बाहेर काढली आणि म्हणाली, "मी घेतली होती. देसिरेचा काही संबंध नाही."

आणि कारणही सांगितलं. सगळं.

मावशी आधी पांढरी पडली, मग लाल.

"थेंब होते आरशावर! किती वेळा सांगू? वसंतात माझी तपासणी झालीय, दोन्ही डोळे उत्तम!" ती आमच्या सगळ्यांकडे वळली. "हिला बघवत नाही. इतकी वर्षं भिंतीशी उभी राहून हिची पोटदुखी वाढत गेली, दुसरं काही नाही!"

"सोलांज—"

"एक शब्द बोलू नकोस. इल्मारी, गादी आत बसव. सुरुवातीला किती वेळ उरलाय? मी चालवणार."

योरितनं माझ्याकडे बघितलं, मी इल्मारीकडे. ल मान परत हाताशी आलं होतं, आणि सगळ्यांना ते हवं होतं. मलासुद्धा. कुणाचं खरं मानावं? तिचं मानलं असतं तर सगळं किती सोपं झालं असतं.

इल्मारीनं गादी आत बसवली. देसिरे मागच्या दारानं आत आला. त्याला बाहेर हाकललं होतं तरी आला, कारण सुरुवातीआधी मावशीचे हातमोजे नेहमी तोच देतो. ते घेऊन तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं हात पुढे केला.

मावशीनं अंगातल्या सूटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"देसिरे कुठाय? त्याची माफी मागायचीय मला. आणि हातमोजे हवेत."

आम्ही सगळे देसिरेकडे बघायला लागलो.

"अरे, बोलवा ना त्याला! हातमोजे!"

देसिरे तिच्या डाव्या हाताशी उभा होता. हातमोजे तिच्या गालापासून वीतभर अंतरावर होते. त्यानं हात मागे घेतला नाही.

मावशीनं आमचे चेहरे बघितले. मग मान वळवली, पुरती वळवली. आणि तिला हातमोजे दिसले.

बाहेर कुठल्यातरी गाडीचं इंजिन सुरू झालं. मावशीनं हातमोजे घेतले, जरा वेळ धरून ठेवले आणि योरितच्या छातीवर टेकवले.

"तुझी गादी घाल," ती म्हणाली.

"मावशी, मग आपण बाद—" मी म्हणाले.

"कळतं मला. निकालाबाहेर धावायची परवानगी देतील, मी मागते. लोक आपल्यासाठी आलेत, गाडी उभी राहता कामा नये." तिनं देसिरेचा खांदा धरला. "मघाशी मी जे बोलले ते अत्यंत वाईट होतं."

"होतं," देसिरे म्हणाला. "नंतर बोलू. आधी गाडी."

"अधिकाऱ्यांना कारण काय सांगणार?" आईनं अगदी हळू विचारलं.

मावशी ताठ चालत एकटीच अधिकाऱ्यांकडे गेली. परत आली तेव्हा गळ्यातला चालकाचा पास नव्हता.

शर्यत सुरू झाली तेव्हा पाऊस लागला होता. पन्नास गाड्या गेल्या आणि त्यांच्यामागे नुसती पांढरी भिंत उरली. मावशी आमच्याबरोबर पिटच्या भिंतीशी होती, कानावर हेडफोन, मी मध्ये, आई पलीकडे.

"ओरियान," मावशी म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मी तिच्याशी बोलत नाहीये."

"आई, मावशी तुझ्याशी बोलत नाहीये."

"ऐकू आलं. तिला सांग, बरं."

"तिला सांग, योरितला मागचे दोन बाण कळव, झोपलीस का?"

आईनं कळवलं. योरितनं जागा दिली, बाण निघून गेले.

मावशी नाक पुसून म्हणाली,

"आणि सांग, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गाडी तिनं चालवायची. मी शेजारी बसेन. हळू चालवलीन तर मधेच उतरून जाईन म्हणावं."